पोटापर्यंत पोहोचलेली मदत दातापर्यंत का पोहोचत नाही?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जव्हार-मोखाड्याच्या आमच्या कार्यक्षेत्रातील एका आश्रमशाळेच्या अधीक्षिकेचा रात्री उशिरा फोन आला. तिसरीतल्या एका मुलीचा गाल सुजला होता, अंगात ताप होता आणि तीन दिवस तिने ताटाला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शाळेतल्या कामाठी मावशी तिला घेऊन निघालो. पहिल्या रुग्णालयात दातांचे डॉक्टर ठरावीक वारीच येतात आणि तो वार नेमका आदल्या दिवशी होऊन गेला होता. पुन्हा एसटी, पुन्हा रांग. दुपारी दुसऱ्या गावी डॉक्टर भेटले. त्यांनी औषध दिले आणि सूज उतरल्यावर आठवड्याने खालची एक दाढ काढली.

दाढ काढायच्या दिवशी मुलीचे वडील आले होते. ते मला धीर देत म्हणाले, "बाय, दुधाचीच दाढ ना? नवी येल."

डॉक्टरांनी मान हलवली. "ही दुधाची नाही. ही कायमची दाढ आहे. इथे आता दुसरी येणार नाही."

मी काहीच बोलले नाही. अठरा वर्षे मी या पाड्यांवर काम करते. कुपोषण, लसीकरण, शाळागळती यांवर मी कितीतरी बैठका घेतल्या. पण आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडात कायमची दाढ असते, हे मलाही तेव्हाच कळले. त्या दिवसापासून जे वाचले, डॉक्टरांना जे विचारले आणि पाड्यावर जे पाहिले, ते तुमच्यापुढे ठेवत आहे.

दात किडतो म्हणजे काय होते?

आपल्या भाषेत आपण "दात किडला" म्हणतो. त्यामुळे दातात खरोखरच एखादा किडा शिरला आहे, असा समज पाड्यावरच नव्हे तर शहरातही आहे. धुरी देऊन दातातली कीड काढून दाखवणारेही भेटतात. प्रत्यक्षात तिथे किडा नसतो. आपल्या सर्वांच्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की ते दातावर चिकटलेल्या अंशावर जगतात आणि आम्ल तयार करतात. या आम्लाने दाताच्या वरच्या कठीण आवरणातील खनिज विरघळते. थोड्या वेळाने लाळ ते आम्ल सौम्य करते आणि गेलेले खनिज काही अंशी परत भरून निघते.

म्हणजे दातावर दिवसभर झीज आणि भरपाई चालूच असते. मूल दिवसातून दोन-तीन वेळा खात असेल, तर लाळेला भरपाईला वेळ मिळतो. पण सकाळी गोड चहा, मग बिस्कीट, मग गोळी, मग पाच रुपयांचे पाकीट, पुन्हा चहा, असे चालले तर भरपाईला उसंतच मिळत नाही. म्हणून एकूण किती गोड खाल्ले याच्याइतकेच दिवसातून किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे. रात्री झोपेत लाळ कमी सुटते. त्यामुळे झोपण्यापूर्वी खाल्लेले गोड सर्वांत जास्त नुकसान करते.

किडीची सुरुवात दातावर खडूसारख्या पांढऱ्या डागाने होते. त्या वेळी ती थोपवता येते. पुढे खड्डा पडतो, मग ठणका लागतो आणि शेवटी मुळाशी पू होतो. आपण मुलाला डॉक्टरकडे नेतो ते बहुधा या शेवटच्या पायरीवर.

सहाव्या वर्षी येणारी दाढ

मुलाला दुधाचे वीस दात असतात. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे आणखी एक दाढ उगवते. खाली दोन, वर दोन, अशा या चार दाढा. त्या कायमच्या असतात. त्यांच्यासाठी आधीचा कुठलाच दात पडत नाही, म्हणून त्या आल्याचे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. मूल लहान आहे, तेव्हा सगळे दात दुधाचेच असणार, असे आपण धरून चालतो.

ओळखायची खूण सोपी आहे. जबड्याच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जा. सहाव्या वर्षी येणारी ही दाढ मधून मोजली तर सहावी असते. पुढे आयुष्यभर भाकरी चावायचा मोठा भार याच दाढांवर पडतो. नव्याने उगवलेल्या दाढेच्या वरच्या भागात खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकते आणि लहान मुलाचा हात तिथवर पोहोचत नाही. म्हणून ती उगवल्यानंतरची पहिली काही वर्षे सर्वांत धोक्याची.

दुधाचे दात तरी "पडायचेच" म्हणून सोडून द्यावेत का? नाही. दुखऱ्या दाताने मूल नीट चावत नाही, रात्री झोपत नाही, वर्गात लक्ष देत नाही. आधीच वजन कमी असलेल्या मुलाला हे परवडणारे नाही. शिवाय दुधाची दाढ वेळेआधी गेली, तर बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि मागून येणारा कायमचा दात वाकडा येतो.

गरिबी तोंडात कशी शिरते?

याची सुरुवात मूल जन्मण्यापूर्वीच होते. दुधाच्या दातांचे आवरण आईच्या पोटातच घडू लागते. आई उपाशी, अशक्त असेल, बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मले, तर ते आवरण कच्चे राहण्याची शक्यता वाढते. असा दात लवकर किडतो.

मग येते खाणे. माझ्या आठवणीत पाड्यावरच्या मुलाच्या हातात नागलीची भाकरी, उकडलेले कंद, करवंदे, जांभळे असत. आज पाड्याच्या टोकाला छोटे दुकान आहे आणि दुकानाच्या दारात रंगीत पाकिटांच्या माळा आहेत. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला पाच रुपये पुरतात. पाच रुपयांत फळ मिळत नाही, दूध मिळत नाही. बिस्किटाचा पुडा मिळतो. दूध नसल्यामुळे चहा कोरा असतो आणि साखर भरपूर. सकाळी कामाला जाण्याच्या घाईत तोच चहा लहान मुलाचा नाश्ता होतो.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे आठवड्याची खर्ची मिळते, त्यात मीठ-मिरची, तांदूळ भागवायचे. पाणी टँकरचे किंवा लांबून आणलेले. आई-वडील पहाटेपासून चिखलात. अशा ठिकाणी मुलाचे दात कोणी घासले का, असे विचारायला मला एकदा शब्द सुचला नव्हता. त्या आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाय, तोंड धुवायलाच पानी नाय."

दातवणाचा उल्लेख करायलाच हवा. कडुलिंबाची, करंजाची काडी वापरणाऱ्या आजी-आजोबांचे दात मी पाहिले आहेत, ते चांगले आहेत. पण त्यांच्या लहानपणी साखर सणालाच घरात येत असे. आज साखर रोजची झाली आणि काडी मात्र मागे पडली. तिची जागा काही घरांत ब्रशने नव्हे, मशेरीने घेतली आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दात दुखतो म्हणून मुलाच्या दातावर ती दाबून ठेवणाऱ्या आयाही मी पाहिल्या. त्याने थोडा वेळ बधिर वाटते, पण मुलाला तंबाखूची पहिली चव तिथेच लागते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कुठला कायदा अडवणार?

योजना आहेत, मग अडते कुठे?

सरकार काहीच करत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर या भागात आहाराच्या योजना वाढत गेल्या. अंगणवाडीतील पूरक आहार, शाळेतले जेवण, २०१५ पासूनची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, आणि त्यातून गरोदर व स्तनदा मातांना चौरस जेवण, पुढे लहान मुलांना अंडी-केळी. या योजनांनी जीव वाचवले आहेत. त्या बंद व्हाव्यात असे माझ्या या लेखातून कोणीही समजू नये.

पण या योजना काय मोजतात ते पाहा. अंगणवाडी ताई मुलाचे वजन घेतात, उंची घेतात, दंडाचा घेर मोजतात. शाळेतल्या जेवणाचेही माप ठरलेले आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने. तोंडात डोकावणे मात्र या रोजच्या मोजमापात कुठेच नाही. जे मोजले जाते त्याचीच काळजी घेतली जाते. घरपोच आहाराचे गोड पाकीट वजन वाढवते आणि नोंदवहीत ते यश म्हणून लिहिले जाते. ते खाल्ल्यावर तोंड धुवायचे, हे सांगणे कोणाच्याच कामात लिहिलेले नाही. शिधापत्रिकेवरचेही तसेच. अंत्योदय कुटुंबाला धान्याबरोबर महिन्याला एक किलो साखर सवलतीत मिळते. टूथपेस्ट मिळत नाही.

तपासणीची योजनाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि तपासायच्या आजारांत दातांचे आजारही आहेत. पथकातले डॉक्टर किडलेला दात पाहतात, पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी देतात. इथवर सारे नीट. पुढे ती चिठ्ठी घेऊन मुलाला कोण नेणार? आई-वडील भट्टीवर. आजीला तालुक्याचा रस्ता माहीत नाही. घरचे कोणी असले तरी एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे एसटीचे भाडे जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दातांचे डॉक्टर नसतात, म्हणून मोठ्या रुग्णालयापर्यंत जावे लागते. ठणका नसेल तर इतके कोण करील? ज्या मुलीची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिच्या वहीत तशी चिठ्ठी घडी घालून ठेवलेली सापडली. ती अनेक महिन्यांची जुनी होती.

तिसरी गोष्ट पैशांची. आश्रमशाळेतल्या मुलांना साबण, तेल, टूथपेस्ट, ब्रश अशा वस्तू पूर्वी शाळेतून मिळत. वस्तू उशिरा येतात, हलक्या प्रतीच्या असतात, अशा तक्रारी होत्या. म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये शासकीय आश्रमशाळांसाठी वस्तूंऐवजी बँक खात्यात थेट रक्कम देण्याचा निर्णय झाला. हेतू चांगला होता. पण खात्यात पैसे जमा होतात त्या दिवशी घरात भात-लावणीची मजुरी द्यायची असते, कोणी आजारी असते, दुकानदाराची उधारी असते. बँक दूर असते. या सर्वांपुढे ब्रशचा नंबर कितवा लागणार? आईला दोष देऊ नका. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. जूनमध्ये मूल नवा ब्रश घेऊन येते. ब्रश तीनेक महिने टिकतो. पुढे त्याचे दाते पसरतात, नाहीतर तो हरवतो, आणि मग पुढचा कधी येईल याचा भरवसा नाही.

या तिन्ही गोष्टींत मला एकच दुखणे दिसते. योजना तारखेने येते आणि कीड रोज येते. वर्षातून एकदा येणारी मदत रोजच्या झिजेला पुरी पडत नाही.

आमचीही चूक

इथे मला स्वतःबद्दल एक कबुली द्यायची आहे. दर शनिवारी मी त्या आश्रमशाळेत मुलांचा वर्ग घेते. गाणी, गोष्टी, खेळ. वर्ग संपला की प्रत्येकाच्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवायची, ही आमची जुनी रीत. मुले त्या गोळीची वाट पाहत आणि मला त्याचा आनंद वाटे. नाताळात तर तुमच्यासारख्या प्रेमळ दात्यांकडून आलेल्या चॉकलेटच्या पिशव्या आम्ही पोत्याने वाटल्या. ती मुलगी माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसायची. पहिलीपासून तिच्या हातावर किती गोळ्या ठेवल्या, त्याचा हिशेब मी त्या रुग्णालयाच्या बाकावर बसून करू लागले आणि मध्येच थांबले.

एका गोळीने दात किडत नाही, हे मला माहीत आहे. पण ईश्वरविज्ञानाच्या पदविकेच्या वर्गात आम्ही देहाला पवित्र मानायला शिकलो, आणि सेवेला गेल्यावर त्याच देहाच्या तोंडात गोळी घालून समाधान मानत राहिलो. मुलाला काय हवे आहे ते आम्ही पाहिले, त्याला कशाची गरज आहे ते पाहिले नाही.

काय करता येते?

उपाय मोठा नाही, पण रोजचा आहे. फिलिपिन्स देशात सरकारी शाळांमध्ये मुलांना रोज वर्गातच रांगेने हात धुवायला आणि फ्लोराइडच्या टूथपेस्टने दात घासायला लावण्याचा कार्यक्रम चालवला गेला. डॉक्टर नाही, यंत्र नाही. शिक्षक आणि मुले. आम्ही त्यावरून धडा घेतला. दिवाळीच्या सुटीनंतर दोन आश्रमशाळांत आणि काही अंगणवाड्यांत हे सुरू केले.

पहिला महिना सोपा नव्हता. ब्रश एकमेकांत मिसळले. एका शाळेत उंदरांनी रात्रीत ब्रशचे दाते कुरतडून टाकले. मग सुतारकाम शिकणाऱ्या मोठ्या मुलांनी भोके पाडलेली फळी करून दिली, ती उंच टांगली आणि प्रत्येक भोकाखाली मुलाचे नाव लिहिले. आता सकाळी न्याहारीनंतर आणि रात्री जेवणानंतर घंटा होते.

वाचकांपैकी जे शिक्षक, अंगणवाडी ताई, पाळक किंवा पालक आहेत, त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात देते:

• टूथपेस्ट फ्लोराइडची घ्यावी. वेष्टनावर तसे लिहिलेले असते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. मुलाने ती गिळू नये, थुंकावी.

• सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने हात धरून घासून द्यावे. रात्रीचे घासणे चुकवू नये, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये.

• गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर द्यावे, मधल्या वेळी नको. चहातली साखर हळूहळू कमी करावी. मधल्या वेळी अंडे, शेंगदाणे, चणे, काकडी, बोरे चालतात.

• महिन्यातून एकदा मुलाला उजेडात उभे करून तोंड पाहावे. पांढरा खडूसारखा डाग, काळा खड्डा किंवा हिरडीवर फोड दिसल्यास वाट पाहू नये.

• गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. यात जिवाला धोका असतो.

• चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या वाचकांनी टूथपेस्टबाबत आधी आरोग्य केंद्रात विचारावे.

खड्डा पडलेल्या दातावरही प्रत्येक वेळी यंत्र चालवावे लागते असे नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे औषध किडलेल्या जागी लावले की कीड पुष्कळदा तिथेच थांबते. जागा काळी पडते, पण ठणका व पू टळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्टबरोबर त्याचाही अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. आपल्याकडच्या डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारा.

चिठ्ठ्यांचेही काम आम्ही हाती घेतले आहे. तपासणी पथक येऊन गेले की अधीक्षिकेकडून मुलांची यादी घ्यायची आणि पाच-सहा मुलांना एकत्र, ज्या वारी डॉक्टर असतात त्याच वारी, आपल्या गाडीने न्यायचे. पालकांची मजुरी बुडत नाही. त्यांची संमती मात्र भट्टीवर जाण्यापूर्वी, दिवाळीतच घेऊन ठेवतो.

ती मुलगी आता चौथीत आहे. एका बाजूने चावते. रात्रीच्या घंटेनंतर लहान मुलांच्या रांगेपुढे उभी राहून तीच मोजते, "एक, दोन, तीन..." आणि कोणी मागच्या दाढा चुकवल्या तर स्वतःचे तोंड उघडून रिकामी जागा दाखवते. मला वाटते, माझ्या सगळ्या बैठकांपेक्षा तिचे ते दाखवणे जास्त समजते.

वाचकहो, नाताळ जवळ येत आहे. तुमच्या भेटीची मुले वाट पाहतील. या वर्षी एक विनंती आहे. चॉकलेटच्या पिशव्या पाठवू नका. त्या पैशांत एका मुलासाठी वर्षभराचे चार ब्रश आणि टूथपेस्ट द्या, शक्य झाल्यास सोबत खजूर, शेंगदाण्यांची पुडी किंवा खेळायला चेंडू द्या. आणि तुमच्या मंडळीत, शब्बाथशाळेत मुलांच्या हातावर काही ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करा. तुमच्या प्रार्थनेत या मुलांची आठवण असू द्या, आणि त्यांना रोज रात्री रांगेत उभे करणाऱ्या अधीक्षिका व मावशींचीही.